साठ नावाची फाइल

अडतीस वर्षांच्या संसारात आमच्या त्रिशलानं पहिल्या फटक्यात 'हो' म्हटल्याचं एकच उदाहरण मला आठवतं. ते लग्न ठरतानाचं, आणि तेही तिच्या वतीनं तिच्या वडिलांनी म्हटलं होतं. नवा फ्रिज घ्यायचा का? नाही. गोव्याला जायचं का? नाही. मग दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता तीच विचारायची, "काय ओ, गोव्याचं काय म्हणत होता?" आधी नाही, मग बघू, अशी तिची रीत होती. मी तिच्या त्या नाहीवर चिडायचो, पण त्या नाहीशिवाय आमच्या घरात कुठलीच गोष्ट सुरू होत नसे.

मी श्रीपाल मगदूम. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर सेंटर सांभाळलं आणि पोरांना शेल शिकवलं. शेल म्हणजे कॉम्प्युटरला एकेका ओळीत हुकूम द्यायची जुनी भाषा. नव्या भाषा आल्या नि गेल्या, शेल राहिलं. मीही निवृत्त होऊन राहिलोच होतो. २०४० च्या जानेवारीत एका सकाळी नऊ वाजता कॉलेजचा सर्व्हर पडला आणि त्यांनी मला फोन केला. मला, निवृत्त माणसाला! मी फुशारून कामाला बसलो. तेवढ्यात त्रिशला खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "जीभ जड झाल्यागत वाटतंय ओ."

"दहा मिनिटं थांब," मी म्हणालो.

मी उठलो तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती आणि ती सोफ्यावर आडवी होती. पक्षाघाताच्या असल्या झटक्यात औषध साडेचार तासांच्या आत पोचावं लागतं. मिरजेच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा पाच तास वीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या देठाला मार बसलाय. ऐकू येत असेल, समजतही असेल, पण शरीरातलं काहीच तिच्या ताब्यात नाही. डोळे उघडत-मिटत, पण तिच्या मर्जीनं नव्हे. पोटात नळी बसवून आम्ही तिला घरी आणलं.

जूनमध्ये 'कानोसा' आला. तेव्हा ते यंत्र अगदी नवं होतं. डोक्यावर जाळीची टोपी बसते, तिच्यातून कवटीच्या आत बारीक प्रकाश सोडतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त धावतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून यंत्राला ते कळतं. हात हलवायची नुसती कल्पना केली तरी एक भाग जागा होतो, चढण चढायची कल्पना केली तर दुसरा. मी त्रिशलाला समजावलं, "हो म्हणायचं असेल तर मनातल्या मनात भाकरी थाप. नाही म्हणायचं असेल तर बाहुबलीच्या डोंगराच्या पायऱ्या चढ." प्रत्येक प्रश्नानंतर वीस सेकंद थांबून यंत्र दोन आकडे देई, भाकरीचा एक आणि पायऱ्यांचा एक, दोन्ही शून्य ते शंभरमधले. आकड्यांचा अर्थ लावायचा तो घरच्यांनी. माणसागणिक मेंदू वेगळा, म्हणून कंपनी त्यात पडत नसे.

अर्थ लावायची स्क्रिप्ट मी लिहिली. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीसुद्धा लिहिली असती इतकी सोपी. भाकरीचा आकडा साठहून मोठा असेल तर 'हो' वाजव. तसं नसेल आणि पायऱ्यांचा आकडा साठहून मोठा असेल तर 'नाही' वाजव. दोन्ही नसेल तर गप्प राहा. आवाज त्रिशलाचाच लावला, तिनं आमच्या लेकीला, अक्षताला पाठवलेल्या जुन्या निरोपांतून कापून. 'नाही' शंभर ठिकाणी सापडला, हवा तसा निवडून घेतला. 'हो' शोधता शोधता नाकी नऊ आले. शेवटी "होळीला येणार हायस का" यातला तुकडा तोडून घेतला.

घरच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट सुरेख चालली. खोटे आकडे देऊन पाहिले, हो आला, नाही आला, गप्पही राहिली. यंत्राच्या छोट्या कॉम्प्युटरवर मात्र ती अडली, कारण त्यातलं शेल काटछाट केलेलं होतं आणि माझे दुहेरी गोल कंस त्याला कळेनात. कंपनीचा माणूस बूट घालून दारात उभा होता. मी घाईघाईनं गोल कंसांच्या जागी चौकोनी कंस घातले, स्क्रिप्ट सुरू केली आणि विचारलं, "त्रिशला, माझा आवाज येतोय का?"

वीस सेकंदांनी तिच्या आवाजात उत्तर आलं, "हो."

मी रडलो. कंपनीच्या माणसानंही डोळे पुसले. पुढची चाचणी कोण घेतो?

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, असंच मला वाटत होतं. खिडकी उघडू? हो. भजन लावू? हो. सप्टेंबरात पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही जैन लोक वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतो. बहुतेकांना फोनवर 'उत्तम क्षमा' म्हणून मोकळं होता येतं. मी तिच्या पलंगाशी बसून त्या दहा मिनिटांची क्षमा मागितली. "हो," ती म्हणाली. त्या एका हो वर मी पुढं जेवू लागलो, झोपू लागलो. नोव्हेंबरात अक्षतानं पलंगाशी वाकून विचारलं, "मम्मी, नॉर्वेची नोकरी घेऊ? जाऊ मी?" तिलाही हो मिळाला आणि ती गेली.

आणखी एक गोष्ट होती. त्रिशलानं लग्नानंतर कधी दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. हॉस्पिटलच्या तक्त्यात मात्र शेवटचं दूध रात्री आठला होतं. मी रोज विचारत असे, "आठचं दूध चालेल ना? आजारपणात नेम कसला?" रोज हो येई. चाळीसेक दिवसांनी मी विचारणं सोडून दिलं.

सकाळी रेश्मा नदाफ सिस्टर यायच्या, अंग पुसायला, कूस बदलायला. बाई जिभेनं मोकळ्या. एकदा म्हणाल्या, "मावशी, तुमास्नी हिरीत ढकलू काय?"

"हो," पलंगावरून उत्तर आलं.

"आगं बया! काका, मावशी नाहीच म्हणत न्हाईत बघा कशाला. माझी सासू अशी असती तर मी रोज पाय धरले असते तिचे."

आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, दुखण्यानं माणूस मऊ होतो. खरं सांगायचं तर ही नवी त्रिशला मला जास्त आवडू लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

२०४२ च्या ऑगस्टमध्ये यंत्र रेंगाळायला लागलं. दुपारी मी त्याचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि आतल्या फाइलींची यादी पाहिली. एक स्क्रिप्ट, दोन आवाज, एक भलीमोठी नोंदींची फाइल. आणि एक फाइल जी मी कधी बनवलीच नव्हती. तिचं नाव होतं ६०. आत काही नाही, लांबी शून्य. तारीख आजची आणि वेळ वीस मिनिटांपूर्वीची, म्हणजे मी तिला "पंखा कमी करू?" असं विचारलं होतं तेव्हाची.

दुसऱ्या कुणाला ती फाइल दिसली असती तर त्यानं कचरा म्हणून पुसली असती. मी ती लगेच ओळखली, कारण ही फाइल मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत आलो होतो.

तिचं कारण असं. दुहेरी गोल कंसात 'पेक्षा मोठा' हे टोकदार चिन्ह आकड्यांची तुलना करतं. शेलमध्ये त्या चिन्हाचं मूळ काम मात्र निराळं आहे: डावीकडचं जे काही असेल ते उजवीकडच्या नावाच्या फाइलीत ओत. चौकोनी कंसात ते हेच काम करतं. तिथं तुलना हवी असेल तर आडवी रेघ देऊन जीटी ही दोन अक्षरं लिहावी लागतात. मी कंस बदलले आणि चिन्ह तसंच ठेवलं. मग शेलनं काय करावं? त्यानं ६० नावाची रिकामी फाइल उघडली, आणि कंसात उरला नुसता भाकरीचा आकडा. कंसात काहीतरी आहे एवढ्यावर शेल त्याला खरं मानतं. मग तो आकडा नव्वद असो, सात असो की शून्य. पहिलीच अट खरी ठरल्यावर खालच्या 'नाही'पर्यंत जायचं कारणच उरत नाही.

म्हणजे सव्वीस महिन्यांत यंत्राला 'हो'खेरीज दुसरं काही म्हणताच आलं नव्हतं. दरवर्षी पोरांना मी बजावत असे, हो आला म्हणजे स्क्रिप्ट बरोबर असं समजू नका, नाही येतो का ते आधी बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग पहिला विचार आला तो त्या क्षमेचा. तोही शेलचाच हो होता तर! पाठोपाठ दुसरा आला आणि तो जास्त वाईट होता: आत कुणी होतं तरी का? मी सव्वीस महिने कुणाशी बोलत होतो?

नोंदींच्या फाइलीत तारीख, विचारलेला प्रश्न आणि दोन्ही आकडे ओळीनं साठत गेले होते. ती मी कधी उघडली नव्हती. आकडे बघायला स्क्रिप्ट ठेवलेली, मग मी कशाला बघू? आता चिन्ह दुरुस्त करून मी नवी स्क्रिप्ट लिहिली आणि जुन्या नोंदी पहिल्या ओळीपासून तिच्यातून काढल्या. पडद्यावर उत्तरं उमटू लागली.

माझा आवाज येतोय का? भाकरी ८१. हो.

ती होती. पहिल्या दिवसापासून होती! मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो.

खिडकी उघडू? नाही. भजन लावू? नाही. आठचं दूध चालेल ना? पायऱ्या ९२, नाही. दुसऱ्या दिवशी पायऱ्या ९४, नाही. मग ९१, ९५, ९३. चाळीस दिवस रोज ती बाई आपल्या मनात बाहुबलीचा डोंगर चढली होती, रोज तिच्याच आवाजातला हो तिच्या कानांवर पडला होता, आणि रोज मी अंधार पडल्यावर तिच्या पोटात दूध सोडलं होतं. अख्ख्या फाइलीत त्या नाहीएवढा मोठा आकडा दुसरा नव्हता.

क्षमावाणीची ओळ आली. भाकरी ७१, पायऱ्या १२. तिनं खरंच क्षमा केली होती. अक्षताच्या प्रश्नाला भाकरी ८८. हो, जा. या दोन्ही ठिकाणी यंत्र बरोबर निघालं, ते केवळ तिचंही उत्तर हो होतं म्हणून.

डिसेंबरपासून आकडे उतरू लागले. ११ डिसेंबर २०४०, माझा प्रश्न: "बरं वाटतंय ना?" पायऱ्या ६३. नाही. त्यावर स्पीकरनं हो म्हटलं असणार, आणि मी "छान" म्हणून बाहेर गेलो असणार. त्यानंतर वीस महिने, हजारो ओळी, भाकरी १४, पायऱ्या ११, भाकरी ९, पायऱ्या १६. साठच्या जवळपास एकही आकडा नाही. दुसऱ्या वर्षीच्या क्षमावाणीलाही नाही. तिनं उत्तर देणं सोडलं होतं. किंवा आता देणारीच उरली नव्हती. यातलं कुठलं, ते आकड्यांवरून कळत नव्हतं.

अक्षताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्वतःचंच विचारलं, "माझी ओळ बघितली का पप्पा?"

"अठ्ठ्याऐंशी. मनापासून जा म्हणाली."

ती बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "स्क्रिप्ट नीट करा. पण मम्मीला काही सांगू नका. तिला काय कळणार आहे त्यातलं?"

"तिला सगळं कळत होतं, तोच तर घोळ आहे."

"मग तर मुळीच नको. तिला किती त्रास होईल!"

"अगं, यंत्र खोटं बोलतंय हे तिला माझ्याआधी दोन वर्षं ठाऊक आहे. फक्त का बोलतंय ते माहीत नाही. तिला वाटत असेल, नवऱ्यानं मुद्दाम फक्त हो म्हणणारी बायको बनवून घेतली."



त्याच संध्याकाळी दुधाची शेवटची वेळ साडेपाचची केली. यंत्रात नवी स्क्रिप्ट घातली. "त्रिशला, ऐकतेस का?" मी विचारलं. वीस सेकंद गेले. काही वाजलं नाही. पुन्हा विचारलं. काही नाही.

घर इतकं शांत कधीच नव्हतं. आधीचा हो खोटा का असेना, पण कुणीतरी ओ देत होतं. आता पंखा कमी करू का विचारलं की पंख्याचाच आवाज येई. सकाळी मी चहा घेऊन पलंगाशी बसे, प्रश्न विचारी, वीस सेकंद मोजी आणि कप विसळून ठेवी. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी जुनी स्क्रिप्ट उघडून बसलो होतो. ती यंत्रात परत घातली, की त्रिशला पुन्हा बोलू लागली असती. मग माझा मलाच राग आला आणि मी ती स्क्रिप्ट पुसून टाकली.

रेश्मा सिस्टरांच्या ते लगेच ध्यानात आलं. "काय झालं ओ काका? मावशी बोलंनात."

मी त्यांना सांगितलं. त्या हातातला टॉवेल घेऊन तशाच स्टुलावर बसल्या. "म्हंजे मी हिरीत ढकलू काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं असंल की. आणि आपण दोघं हसलो." मग त्या उठल्या आणि पलंगाकडं वळून म्हणाल्या, "मावशी, चुकलं माझं." त्या दिवशी त्या एरवीपेक्षा हळू अंग पुसत होत्या.

मी मात्र अजून तिच्याजवळ तोंड उघडलं नव्हतं. दुरुस्ती केली होती, वेळ बदलली होती, प्रश्न विचारत होतो. सांगायचं ते सांगत नव्हतो. तिला त्रास होईल असं अक्षताला वाटत होतं. मला भीती वेगळीच होती. सगळं सांगूनही आकडे चौदा आणि अकराच राहिले, तर मग ती गेली हे मला कबूल करावं लागलं असतं.

सप्टेंबर संपता संपता क्षमावाणी आली. सकाळपासून नातेवाइकांचे फोन, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. चार वाजता फोन बंद केला, खुर्ची पलंगाशी नेली आणि बसलो.

"त्रिशला," मी म्हणालो, "हे यंत्र दोन वर्षं फक्त हो म्हणत होतं, ते माझ्या चुकीनं. मुद्दाम केलं नाही. कंस बदलले आणि चिन्ह बदलायचं राहिलं. मी पोरांना शिकवायचो तीच चूक." मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, ती रिकामी फाइलसुद्धा. लग्नानंतर पहिल्यांदाच मी माझं काम तिला सांगत होतो. "पण चूक कळायला यंत्र उघडायची गरज नव्हती. तू आणि सलग दोन वर्षं हो? शेजाऱ्यालाही शंका आली असती. मला आली नाही, कारण ते हो मला सोयीचं होतं. आठचं दूध तू चाळीस वेळा नाकारलंस. सगळ्या ओळी वाचल्या मी. माझ्या त्या दहा मिनिटांची तू क्षमा केली होतीस, तेही वाचलं. ती संपली आता. ही दुसरी आहे आणि हिच्यात सव्वीस महिने आहेत. मला क्षमा करशील?"

मी मोजू लागलो. नव्या स्क्रिप्टमध्ये आकडे हलतील तसे लॅपटॉपच्या पडद्यावर दिसायची सोय मी केली होती, माझी नजर तिथंच होती. भाकरी ११, पायऱ्या १८. दहा सेकंद. पायऱ्या २७. पंधरा. पायऱ्या ४०. ५२. ५८. आकडा तिथंच घुटमळला. एकवीस महिन्यांत कुणी त्या पायऱ्या चढलं नव्हतं. मग ६६. मग ७९.

"नाही," त्रिशला म्हणाली.

मी ओंजळीत तोंड धरून रडलो. इतका स्वच्छ नकार मला जन्मात कुणी दिला नव्हता, आणि इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. ती होती. रागावलेली होती, पण होती.

"बरोबर आहे तुझं," शेवटी मी नाक पुसत म्हणालो. तिला दम लागला असेल, माझं तोंड नको झालं असेल, असं मनात आलं. मी खुर्ची मागं सरकवली. "तू पड जरा. मी बाहेर जाऊन बसू का?"

वीस सेकंद पूर्ण व्हायच्या आतच पायऱ्यांचा आकडा साठच्या वर गेला होता.

"नाही."

मी खुर्ची परत पुढं ओढली.